हवेतली अमानत

आपल्या बहुतेक घरांत आज तीन तऱ्हेचे फोन एका छपराखाली नांदतात. दादीच्या उशाशी बटणाचा छोटा फोन असतो. अम्मी किंवा अब्बांकडे चार-पाच वर्षांपूर्वी घेतलेला, काचेला तडा गेलेला स्मार्टफोन असतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या खिशात ५जी लिहिलेला नवा फोन असतो. तिन्हींना रिचार्ज लागतो, तिन्हींची घंटी वाजते, म्हणून ते एकाच जातीचे वाटतात. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या रस्त्यांवरून चालतात. त्यांतला सर्वांत जुना रस्ता जगातल्या अनेक देशांनी बंद करून टाकला आहे आणि आपल्याकडेही तो बंद करावा अशी मागणी पुढे आली आहे. तसे झाले तर तिन्हींपैकी पहिल्यांदा कुणाचा फोन मुका होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आम्ही शाळेत शिकवतो. दूरसंचार हा काही आमचा विषय नव्हे. पण गेल्या काही वर्षांत मुलांचे प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारची दुरुस्ती, बँकेचे खाते, सारे काही मोबाईल नंबरावर येऊन टेकले आहे. अर्ज भरायला बसले की पालकांना पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो, “ओटीपी कुणाच्या फोनवर येईल?” मग उत्तरे ऐकायला मिळतात. “नंबर दादीचा दिला होता, पण तिचा फोन घरी आहे.” “तो नंबर बंद पडला, रिचार्ज केला नव्हता.” “घरात रेंज येत नाही, गच्चीवर जावे लागते.” मुलाचा हक्क कागदावर मंजूर असतो आणि चार-सहा आकड्यांसाठी अडतो. म्हणून हा विषय आता कंपन्यांचा आणि इंजिनिअरांचा राहिलेला नाही. तो प्रत्येक घराचा झाला आहे. आज तो आपण मुळापासून समजून घेऊ.

हवेतली जमीन

फोनवरचा आवाज आणि चित्रे टॉवरपर्यंत रेडिओ लहरींवर बसून जातात. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांना मोजमाप आहे. सेकंदाला एक लहर किती वेळा थरथरते ते हर्ट्झमध्ये मोजतात. दहा लाख वेळा थरथरली तर एक मेगाहर्ट्झ. मोबाईलसाठी उपयोगी पडणाऱ्या लहरींचा जो मर्यादित पट्टा आहे, त्याला स्पेक्ट्रम म्हणतात.

मुलांना आम्ही हे असे समजावतो. एका मोठ्या दालनात चार शिक्षक एकाच वेळी मोठ्याने शिकवू लागले तर कुणालाच काही कळणार नाही. म्हणून दालनात भिंती घालून चार वर्ग करावे लागतात. हवेतही तसेच आहे. दोन कंपन्यांनी एकाच जागी एकाच लहरीवर बोलायला सुरुवात केली तर दोघांचाही गोंधळ होईल. म्हणून सरकार या पट्ट्याचे तुकडे पाडते आणि कोणता तुकडा कुणाचा हे ठरवून देते. तुकडे जमिनीसारखेच मोजके आहेत.

या जमिनीतही कस वेगवेगळा असतो. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर लांबीला मोठी असते, सुमारे ३३ ते ४३ सेंटीमीटर. ती दूरवर जाते, भिंतीतून आत शिरते, थोडी टेकाडे-झाडे सोसते. पण तिच्यावर फार ओझे लादता येत नाही. ३३०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम ९ सेंटीमीटरची. तिच्यावर भरपूर माहिती वाहून नेता येते, पण ती लवकर दमते आणि जाड भिंतीला अडते. ५जीसाठीच दिलेल्या २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर लहर सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटरची होते. तिला एखादी भिंत, झाडाचा डोलारा, पावसाची जोरदार सर एवढेही पुरते. या अतिसूक्ष्म लहरींवर आपल्याच देशात १८९५ मध्ये, कलकत्त्यात, जगदीशचंद्र बोस यांनी प्रयोग करून दाखवले होते, हे विद्यार्थ्यांना सांगताना आम्हाला नेहमी अभिमान वाटतो.

एवढे कळले की रोजच्या अनुभवांचे कोडे सुटते. शहराच्या चौकात धावणारा ५जी मोहल्ल्याच्या आतल्या गल्लीत, जाड भिंतींच्या जुन्या घरात शिरला की का लटपटतो? कोकणात डोंगराच्या एका कुशीला फोन लागतो आणि वळण ओलांडले की का तुटतो? दोष दर वेळी हँडसेटचा नसतो. कोणती लहर कुठल्या टॉवरवर लावली आहे आणि मध्ये काय उभे आहे, यावर ते ठरते. जास्त ओझे वाहणारी लहर वापरायची तर टॉवर जवळजवळ हवेत. जवळजवळ टॉवर उभारणे दाट वस्तीच्या शहरात परवडते. विरळ वस्तीच्या वाडीवर कंपनीचा खर्च निघत नाही. रेंजचा प्रश्न इथे विज्ञानाकडून हिशेबाकडे वळतो.

मालक कोण?

या हवेतल्या जमिनीचा मालक कोण, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचा खटला चालू होता. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यांचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे. त्या खंडपीठात आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. सरकार या लहरींचे मालक नाही, राखणदार आहे, असा त्या निकालाचा अर्थ. आपल्या घरांत यासाठी एक नेमका शब्द आहे, अमानत. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असणे आणि तिचा हिशेब द्यावा लागणे.

योगायोग असा की त्याच वर्षी, ३१ जुलै १९९५ रोजी, देशातला पहिला मोबाईल कॉल झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा मोबाईल ही श्रीमंतांची चीज होती. फोन करणाऱ्याला पैसे पडत आणि घेणाऱ्यालाही पडत. येणारा कॉल फुकट झाला तो २००३ मध्ये. ‘मिस कॉल दे, मी लावतो’ ही आपल्या घराघरांतली बोली त्यानंतरची.

अमानत नेहमी नीट सांभाळली गेली असे नाही. २००८ मध्ये नवे परवाने आणि त्यांच्याबरोबरचा स्पेक्ट्रम ‘जो आधी येईल त्याला आधी’ या पद्धतीने, २००१ साली ठरलेल्या भावात वाटला गेला. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते १२२ परवाने रद्द केले. त्या प्रकरणातल्या फौजदारी खटल्यात डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले, हेही नोंदवले पाहिजे. मात्र एक गोष्ट कायमची बदलली. मोबाईलच्या लहरी यापुढे उघड लिलावानेच द्यायच्या, हा रिवाज पक्का झाला.

त्याआधी २०१० मध्ये ३जीचा लिलाव झाला होता. तो ३४ दिवस चालला आणि सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले. २०२२ मध्ये ५जीसह झालेल्या लिलावात सात दिवसांत दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. त्यात जिओची बोली सुमारे ८८ हजार कोटींची, एअरटेलची ४३ हजार कोटींची आणि व्होडाफोन आयडियाची जवळपास १९ हजार कोटींची होती.

हे आकडे ऐकून सरकारची तिजोरी भरली असे वाटते. ती भरतेही. पण कंपनी हा पैसा शेवटी कुठून वसूल करते? आपल्या रिचार्जमधून. लिलावाचा भाव फार चढवला तर त्याचेही नुकसान होते. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे दूर जाणारी, भिंतीत शिरणारी, खेड्यांना सर्वांत उपयोगी लहर, २०१६ च्या लिलावात किंमत जास्त म्हणून कुणीच घेतली नाही. २०२१ मध्येही ती विकली गेली नाही. २०२२ मध्ये किंमत उतरल्यावर जिओने ती घेतली. मधली सहा वर्षे ती जमीन पडीक राहिली. मालक आपण, गरजही आपली, आणि शेत मात्र रिकामे.

पिढ्या बदलल्या, कंपन्याही बदलल्या

२जी, ३जी, ४जी, ५जी यांतला ‘जी’ म्हणजे पिढी. २जीमध्ये हवेतली एक वाट २०० किलोहर्ट्झ रुंदीची असते आणि तिच्यावर आठ जण आळीपाळीने बोलतात. पाळी इतक्या झटपट फिरते की बोलणाऱ्याला ते जाणवत नाही. बोलणे आणि एसएमएस यासाठी ही व्यवस्था झकास होती आणि आजही आहे. ३जीने इंटरनेट आणले. ४जीमध्ये एकेक वाट २० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद झाली आणि मोठा बदल म्हणजे आवाजसुद्धा इंटरनेटसारखाच पुड्या बांधून पाठवला जाऊ लागला. या बोलण्याच्या पद्धतीला व्होल्टी म्हणतात. फोनच्या वरच्या पट्टीत काही वेळा ही अक्षरे दिसतात. ५जीमध्ये ३३०० च्या पट्ट्यात १०० मेगाहर्ट्झ रुंदीची वाट मिळते. वाट रुंद, म्हणून वेग जास्त.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओने सेवा सुरू केली ती फक्त ४जीवर. या कंपनीकडे २जी किंवा ३जीचे जाळे कधी नव्हतेच. सुरुवातीचे महिने सगळे फुकट, मग स्वस्त डेटा. देशाची सवय बदलली. आपल्या भगिनी पाककृतींपासून कुराणाच्या तालीमपर्यंत सारे फोनवर पाहू लागल्या, आखातातल्या भावाशी-मुलाशी चेहरा पाहून बोलू लागल्या. पूर्वी एसटीडी बूथवर रांग लावून तीन मिनिटांत सारा मजकूर सांगावा लागे. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना या बदलाची किंमत वेगळी सांगायला नको.

पण त्याच वाऱ्यात अनेक कंपन्या उडून गेल्या. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल सेवा बंद झाली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर आणि टाटांचा मोबाईल व्यवसाय एअरटेलमध्ये विलीन झाला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन व आयडिया एक झाल्या. आता तीन खासगी कंपन्या आणि सरकारी बीएसएनएल एवढेच दुकानदार बाजारात उरले. दुकानदार कमी झाले की भाव कोणत्या दिशेला जातात हे बाजारहाट करणाऱ्या कुठल्याही गृहिणीला ठाऊक आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जीचे उद्घाटन झाले. एअरटेलने सुरुवात केली त्या आठ शहरांत महाराष्ट्रातली मुंबई आणि नागपूर होती. आता त्याच वर्षातली दुसरी तारीख पाहा. ५जीचा लिलाव २६ जुलै २०२२ ला सुरू झाला आणि त्याच आठवड्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने ४जी न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. योजना चांगलीच आहे. पण एका आठवड्यातल्या या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट दिसते. एकीकडे पाचव्या पिढीची बोली लागत होती आणि दुसरीकडे हजारो गावे चौथीची वाट पाहत होती.

जुना रस्ता का बंद करायचा?

कंपन्यांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. एकच पट्टा २जीसाठी राखून ठेवला तर त्यावर थोडेच लोक बोलू शकतात. तोच पट्टा ४जी किंवा ५जीला दिला तर त्यावर कितीतरी जास्त काम होते. शेत तेच, नव्या बियाण्याने पीक दुप्पट-तिप्पट येते. शिवाय दोन-तीन पिढ्यांची यंत्रे एकाच वेळी चालवायची तर वीज, सुटे भाग, माणसे सगळेच जास्त लागते. म्हणूनच एअरटेलने २०२० पर्यंत आपले ३जी बंद करून तो पट्टा ४जीकडे वळवला. जानेवारी २०२४ मध्ये जिओने सरकारने २जी आणि ३जी पूर्ण बंद करण्याचे धोरण आणावे अशी भूमिका मांडली. ज्या कंपनीकडे २जी नाहीच तिला हे सोयीचे आहे आणि ज्यांचे ग्राहक अजून २जीवर आहेत त्यांना गैरसोयीचे, हेही ध्यानात ठेवावे.

परदेशांत हे घडून गेले आहे. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केले. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ अखेर उरलेल्या कंपन्यांनी ते बंद केले. तिथे एक विचित्र अडचण समोर आली. काही फोन रोजचे बोलणे ४जीवर करत, पण आणीबाणीचा ०००, म्हणजे आपल्या ११२ सारखा नंबर लावला की ३जीकडे वळत. रस्ताच नाही, तर मदत कुठून मिळणार? शेवटी असे फोन जाळ्यावरून काढून टाकण्याचा नियम करावा लागला. आपली मुले-मुली शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे जाताना इथला जुना हँडसेट घेऊन जातात. तो तिथे चालतो का, हे निघण्यापूर्वीच तपासायला हवे.

आपल्या सरकारने २जी बंद करण्याची तारीख जाहीर केलेली नाही. त्यामुळे घाबरून उद्याच दुकानात धावण्याचे कारण नाही. पण वेळ हातात आहे तोवर तयारी करणे शहाणपणाचे.

‘४जी’ लिहिलेला फोनही मुका होऊ शकतो

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते. २जी बंद झाले तर बटणाचेच फोन बंद पडतील असे नाही. काही जुन्या स्मार्टफोनवर ४जी लिहिलेले असते, इंटरनेटही चालते, पण त्यांत व्होल्टी नसते. असा फोन कॉल लावताना किंवा घेताना गुपचूप २जीवर उतरतो. बोलणे संपले की परत ४जीवर चढतो. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. उद्या २जी गेले तर हा फोन व्हिडिओ दाखवेल, पण दादीचा साधा कॉल घेणार नाही.

२जीवर माणसांखेरीज यंत्रेही जगतात. दुकानातली कार्ड घासायची काही यंत्रे, गाड्यांतले माग काढणारे उपकरण, काही वीजमीटर, यांच्या पोटात छोटे सिम असते आणि ते जुन्या जाळ्यावर बोलते. छोट्या दुकानदारांनी आपले यंत्र कोणत्या जाळ्यावर चालते हे पुरवठादाराला विचारून ठेवावे.

ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी जुन्या फोनवरही काही सोयी आहेत. *९९# लावून बँकेतली शिल्लक पाहता येते, पैसेही पाठवता येतात. मार्च २०२२ पासून साध्या फोनसाठी वेगळी यूपीआय सेवाही आहे. म्हणजे बटणाचा फोन हा काही अडगळीतला डबा नव्हे. कित्येक विधवा भगिनींची, वृद्धांची आणि मजुरांची तो बँक आहे, टपाल आहे आणि ओळखपत्रही आहे.

नियम आपल्या बाजूचा, पण माहीत कुणाला?

बटणाच्या फोनला डेटा वापरता येत नाही. तरीही डेटासकटचा महाग रिचार्ज मारावा लागे, कारण दुकानावर दुसरे काही मिळतच नसे. म्हणजे जेवण एका माणसाचे आणि बिल दोघांचे. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, यावर नियम केला. प्रत्येक कंपनीने फक्त बोलणे आणि एसएमएस यांचा, डेटा नसलेला किमान एक रिचार्ज ठेवलाच पाहिजे. अशा खास रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायलाही परवानगी मिळाली. जानेवारी २०२५ पासून कंपन्यांनी असे रिचार्ज आणले.

नियम झाला, पण तो दुकानाच्या फळीवर लिहिलेला नसतो. आम्ही पालकसभेत हा विषय काढला तेव्हा बहुतेकांनी तो पहिल्यांदाच ऐकला. दुकानदाराला मागितल्याशिवाय तो सांगेलच असे नाही. तेव्हा नाव घेऊन मागावे, “डेटा नसलेला, फक्त बोलण्याचा आणि मेसेजचा रिचार्ज द्या.” दर वेगवेगळे असतात, म्हणून दोन कंपन्यांचे विचारून तुलना करावी.

दुसरा नियम रेंजचा. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर कोणत्या भागात २जी, ४जी, ५जी पोहोचते याचा नकाशा ठेवायचा आहे. नवा फोन किंवा नवे सिम घेण्यापूर्वी आपल्या घराचा, शाळेचा आणि माहेरच्या गावाचा ठिपका त्यात पाहावा. नकाशात रंग भरलेला असेल आणि प्रत्यक्षात रेंज नसेल तर तक्रारीला तो पुरावा आहे. ग्रामसभेत, नगरसेवकाकडे, कंपनीच्या तक्रार क्रमांकावर त्या नकाशाची प्रत दाखवून बोलता येते. “रेंज येत नाही” ही कुरबूर वाटते. “तुमच्या नकाशात आहे, आमच्या गल्लीत नाही” ही तक्रार असते.

घरातली वाटणी

सरकार लहरींची वाटणी करते तशी एक वाटणी आपल्या घरातही होते. नवा फोन येतो तेव्हा तो कुणाच्या हाती जातो? बहुधा मुलाच्या. त्याचा जुना मुलीकडे, मुलीचा त्याहून जुना अम्मीकडे, आणि ज्याला कुणी हात लावत नाही तो दादीकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. उरलेल्या जवळपास निम्म्या स्त्रियांच्या नावचा ओटीपी दुसऱ्याच्या खिशात जातो. मग तिचे बँक खाते, तिच्या योजनेचे पैसे, तिच्या दवाखान्याची नोंद या सगळ्यांची किल्ली तिच्याकडे नसते.

ज्यांना सर्वांत जुना फोन मिळतो त्यांच्यावरच जाळे बदलताना पहिला घाव बसतो. म्हणून सरकारला आणि कंपन्यांना जाब विचारताना एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारू या. घरात तीस हजारांचा फोन येऊ शकतो, तर दादीसाठी साधा ४जीचा बटणाचा फोन का येऊ नये? असे फोन बाजारात आहेत. जुलै २०२३ मध्ये जिओने ९९९ रुपयांचा काढला होता. घेताना एवढेच पाहावे की त्यात कोणत्याही कंपनीचे सिम चालते की एकाच कंपनीचे. काही स्वस्त फोन एकाच कंपनीला बांधलेले असतात.

आणखी एक गोष्ट. बदलाच्या काळात ठगांचे फावते. “तुमचे सिम ५जी करायचे आहे, नाहीतर आज रात्री बंद होईल, आलेला आकडा सांगा,” असा फोन आला की भोळी माणसे आकडा सांगतात आणि खाते रिकामे होते. जिओ आणि एअरटेलचे ५जी जुन्या ४जी सिमवरच चालते. त्यासाठी फोनवर कुणाला ओटीपी सांगावा लागत नाही. तरी फसवणूक झालीच तर शरमेने गप्प बसू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. घरच्यांनीही अशा वेळी दादीला किंवा अम्मीला रागावू नये. रागाच्या भीतीने लपवलेले दोन तास ठगाच्याच कामी येतात.

या आठवड्याचा गृहपाठ

शिक्षक आहोत, तेव्हा गृहपाठ दिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. हे काम घरातल्या आठवी-नववीच्या मुला-मुलींवर सोपवावे. त्यांना ते जमते आणि आवडतेही.

१. घरातल्या प्रत्येक फोनची यादी करा. कोणता २जी, कोणता ४जी, कोणता ५जी. स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये जाऊन व्होल्टी आहे का आणि ते चालू आहे का ते पाहा.

२. प्रत्येक नंबर कुणाच्या नावावर आहे ते तपासा. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसते. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येते.

३. आधार, बँक, शिधापत्रिका आणि शिष्यवृत्तीला कोणता नंबर जोडला आहे ते एका वहीत लिहा. तो नंबर सलग ९० दिवस अजिबात वापरला नाही तर तो बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो. परदेशी गेलेल्या किंवा मरण पावलेल्या नातेवाइकाच्या नंबरावर घरातल्या कुणाचे खाते अवलंबून असेल तर आधी ते बदलून घ्या.

४. घरात एका कंपनीची रेंज नसेल तर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. मेसेजमध्ये इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, एक जागा सोडून आपला नंबर टाका आणि १९०० वर पाठवा. मग येणारा सांकेतिक क्रमांक नव्या कंपनीच्या दुकानात द्या. वाटेतल्या कुणाला तो सांगू नका.

५. दादी-नानींच्या फोनमध्ये घरच्यांचे नंबर आणि ११२ एका बटणावर बसवून द्या. नवा फोन आणला तर जुना लगेच काढून घेऊ नका. महिनाभर दोन्ही जवळ असू द्या. बोटांना सवय व्हायला वेळ लागतो.

नवे तंत्र यावे, जरूर यावे. आमच्या शाळेतल्या मुलींनी ५जीवर जगातल्या उत्तम प्रयोगशाळा पाहाव्यात असे आम्हालाही वाटते. मागणी एवढीच आहे की जुना रस्ता बंद करण्याआधी नव्या रस्त्याचे तोंड प्रत्येक वाडीपर्यंत आणि प्रत्येक उंबरठ्यापर्यंत यावे, तारीख पुरेशी आधी सांगावी आणि ज्यांच्याकडे जुने फोन आहेत त्यांना परवडेल असा नवा मिळावा. लहरी सर्वांच्या आहेत असे न्यायालयाने सांगितले त्याला तीस वर्षे होऊन गेली. आता त्या सर्वांच्या घरी पोहोचल्या का, हे विचारण्याचा हक्क रिचार्ज भरणाऱ्या प्रत्येक माणसाला आहे.